खोली सतरा

तीन बारा.
तुर्भ्याच्या शीतगृहात सगळ्या खोल्यांवरचे आकडे
एकदम विझले,
आणि कोपरखैरण्यात माझ्या उशाशी
फोन थरथरायला लागला.

पूर्वी असं झालं की आम्ही महाप्याला जमायचो.
मी, ज्युड परेरा, भालचंद्र केणी,
आणि केणीच्या घरचा सुक्या जवळ्याचा डबा.
प्रोग्राममध्ये जागोजाग ओळी पेरायचो:
इथवर आलो.
इथवरही आलो.
जिथं आवाज बंद व्हायचा, तिथं खणायचं.
उजाडेपर्यंत अंदाज, शिव्या, परत अंदाज.

आता तलाठी येतो.
नाव केणीनं ठेवलेलं.
घणसोलीतलं त्यांचं शेत मोजून झालं तेव्हापासून
मोजणाऱ्याचा त्याला राग येत नाही,
भरवसाही वाटत नाही.

मी चष्मा शोधेपर्यंत
तलाठ्याचा पंचनामा अर्धा झालेला असतो.
मेलेल्याची स्मृती जशीच्या तशी उचललेली:
कुठल्या कप्प्यात कुठला आकडा,
कोण कोणाला हाक मारत होतं,
कोणाची हाक तोंडातच राहिली.
कॅन्टीनमधल्या ताटांची चळत उतरवावी
तसा वरून एकेक काढत तो खाली जातो.

सगळ्यात वर, तापमान छापणारं फंक्शन.
बिचारं. दिलेलं छापायचं, एवढंच त्याचं काम.
आम्ही असतो तर त्यालाच धरलं असतं,
चोर सोडून संन्याशाला,
आणि सहाला घरी गेलो असतो.

तलाठ्याला घर नाही.
तो भुतासारखा उलट्या पावलांनी निघतो,
चार वर्षं, दोन हजार अठ्ठेचाळीस बदल.
बरोबर मधल्या दिवसावर थांबतो,
त्या दिवशीचा प्रोग्राम उठवून बसवतो
आणि त्याला पुन्हा तीन बारा दाखवतो.
मेला? मग आणखी मागं.
जगला? मग जरा पुढं.
निम्मं.
निम्म्याचं निम्मं.
अकरा वेळा.

तो गुरुवार होता. रात्रीचे अकरा चाळीस.
तपासणीची एक ओळ खोडलेली,
तिच्या जागी एक शेरा:
इथे रिकामं येणं शक्य नाही.
खोडणाऱ्याचं नाव: नाफडे, शर्वाणी.

म्हणजे मी.

तो गुरुवार आठवायचा मी प्रयत्न केला.
घरात कुणी आजारी नव्हतं,
कुणी मला सोडून गेलं नव्हतं.
बहुतेक भूक लागली होती.
पंचनाम्यात 'कारण' असा रकाना आहे,
'का' असा नाही.

खाली उपाय होता. तीन ओळी,
सहाशे वेळा तपासलेल्या.
मी लिहिल्या असत्या तर पाच झाल्या असत्या,
त्यातली एक उगीच.
त्याच्याही खाली एक बटण: मान्य.

तीन एकतीसला आकडे परतले.
उणे अठरा, उणे अठरा, चार, दोन, चार,
आणि सतरा नंबरवर
नुसती एक आडवी रेघ.

झोप गेलीच होती.
सकाळी रिक्षा करून तुर्भ्याला गेले.
टेमकरांनी सतराची कडी काढली.
"पार्टीनं गाळा सोडला, मॅडम.
रात्री तीनला शेवटचा टेंपो गेला,
मग म्हटलं वायर कशाला लोंबत ठेवायची."
वायर त्यांच्या खिशातच होती, वेटोळं करून.

आत भिंतीवर खडूनं पेट्यांचा हिशोब,
पाच-पाचच्या काड्या, शेवटचा जुडगा तीनचाच.
सफरचंदाचा एक निळा कागद.
बाहेर जेवढं ऊन, आत जवळपास तेवढीच ऊब.

"काही हरवलंय का?" टेमकरांनी विचारलं.
नाही म्हटलं.
तेवढ्यात केणीचा फोन.
"काय म्हणाला तलाठी?"

मी त्या काड्या मोजत होते.
मोजणं अर्धवट सोडून म्हटलं,
"म्हणाला, रिकामं येतं."